भट्टीवरचं मूल कोणत्या गावचं?

(ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी एपिसोडचं लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'बघा' थोडे कमी केलेत, सगळे नाही.)



गेल्या भागानंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. साधारण अशी: "दिवाळीनंतर पेण साइडला वीटभट्ट्या सुरू होतात. तिथे झोपड्यांपाशी बारकी पोरं दिसतात, तीही शाळेच्या वेळेत. शिक्षण हक्क कायदा आहे, बालमजुरीचा कायदा आहे, अंगणवाडी आहे, दस नौ आठ नंबर आहे. मग ही पोरं तिथे कशी काय?"

प्रश्न छोटा आहे, पण उत्तराला अख्खा एपिसोड लागला. मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण हे कायदे वाचताना मला सारखं वाटत होतं की हा घोळ ओळखीचा आहे. प्रत्येक सिस्टिम आपापल्या जागी नीट लिहिलेली असते, आणि एकीकडून दुसरीकडे जाताना माहिती गळते. आमच्याकडे गळाली तर एखादी ऑर्डर अडकते. इथे मूल अडकतं.

आपण एक उदाहरण धरू. हे खरं कुटुंब नाही, समजायला सोपं जावं म्हणून बनवलेलं आहे. पेण तालुक्यातली एक कातकरी वाडी. घरात आई-बाप, सात वर्षांची मुलगी दुसरीत, आणि अडीच वर्षांचा मुलगा. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत, मुलगा अंगणवाडीच्या यादीत. जूनपासून दिवाळीपर्यंत हे चौघं वाडीवर असतात. दिवाळीनंतर भट्टीवर. परत यायचं ते पाऊस तोंडावर आल्यावर.

कातकरी समाज म्हणजे एकेकाळी खैराच्या झाडापासून कात काढणारा, त्यावरूनच नाव पडलेलं. महाराष्ट्रातल्या तीन 'विशेष असुरक्षित आदिवासी समूहां'पैकी हा एक. बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड. रायगडात अलिबाग, पेण, रोहा, सुधागड, कर्जत, सगळीकडे यांच्या वाड्या आहेत. पेणला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही आहे. शेतजमीन बहुतेकांकडे नाही. पावसाळ्यात हाताला काम कमी, तेव्हा घरखर्चाला मुकादम किंवा शेठ उचल देतो. ती फेडायला पुढचे सहा-सात महिने वीटभट्टी, नाहीतर कोळशाची भट्टी. हे 'उचल' प्रकरण लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

आधी वाडीवर काय काय मिळतं ते बघू, कारण ही बाजू आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे.

अडीच वर्षांचा मुलगा. एकात्मिक बाल विकास योजना, म्हणजे आपली अंगणवाडी, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हा ती फक्त योजना होती. सरकारने ठरवलं तर चालू, नाही ठरवलं तर बंद. २००१ मध्ये पीयूसीएल ही संघटना सुप्रीम कोर्टात गेली. गोदामं धान्याने भरलेली आहेत आणि माणसं उपाशी आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला कोर्टाने आदेश दिला: शाळेत शिजवलेलं जेवण द्या, अंगणवाडी प्रत्येक वस्तीपर्यंत न्या. पुढे डिसेंबर २००६ च्या आदेशात आणखी एक भारी गोष्ट आली. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. मागणी करण्याचा हक्क! हे फार कमी लोकांना माहीत असतं.

मग २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला. तोपर्यंत जे कोर्टाच्या आदेशावर चाललं होतं ते आता कायद्यात आलं. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला घरी न्यायचा आहार, दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. मूल कुपोषित असेल तर ८०० कॅलरी. तीन ते सहा वयाला अंगणवाडीतच नाश्ता आणि गरम जेवण. पहिली ते पाचवीला शाळेत ४५० कॅलरी, सहावी ते आठवीला ७००. आपण सगळे त्याला 'खिचडी'च म्हणतो, कागदावर आता नाव पीएम पोषण. आणि ठरलेलं अन्न दिलं नाही तर त्याबदल्यात पैसे द्यावे लागतील, हेही कलम ८ मध्ये लिहिलेलं आहे.

मुलगी दुसरीत. तिला २००९ चा शिक्षण हक्क कायदा, लागू १ एप्रिल २०१० पासून. शिवाय २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची डॉक्टरांची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायची असते. हृदयाला छिद्र, तिरळेपणा, कानाचा त्रास, असलं काही सापडलं तर पुढचे उपचार मोफत.

आता हे सगळं कोण जोडतं? कायदा वाचला की वाटतं 'राज्य शासन' जोडतं. प्रत्यक्षात एक बाई जोडते. सेविका वजन घेते, दंडाला रंगीत पट्टी लावते, लाल आलं (म्हणजे साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली) तर मूल अतितीव्र कुपोषित. मग ती एएनएमला कळवते, एएनएम प्राथमिक आरोग्य केंद्राला. मुलाला भूक लागत असेल आणि दुसरा आजार नसेल तर अंगणवाडीतच ग्राम बाल विकास केंद्र सुरू करून दिवसातून अनेकदा खायला द्यायचं. आजारी असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस भरती. महिला-बालविकास आणि आरोग्य ही दोन वेगळी खाती आहेत. वाडीवर त्यांच्यामधला पूल म्हणजे सेविकेचा फोन आणि तिची ओळख.

आणि या बाईला आपण पगार देत नाही, 'मानधन' देतो. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या एका खटल्यात सांगितलं की अन्नसुरक्षा कायद्यामुळे अंगणवाडी सेविका कायद्याने ठरवलेलं काम करतात, म्हणून त्यांना ग्रॅच्युइटी लागू आहे. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ महाराष्ट्रातल्या सेविका संपावर होत्या, तेव्हा ठिकठिकाणी अंगणवाड्यांना कुलूप होतं. कायदे त्या काळातही सगळे लागू होते हां.

बरं. आता दिवाळी झाली. टेम्पोत भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं. कुटुंब भट्टीवर गेलं. समजा भट्टी ठाणे जिल्ह्यात आहे, म्हणजे जिल्हा परिषदही बदलली.

मुलांचं काय झालं? हक्क तसाच आहे, हजेरीपट मात्र वाडीवर राहिला.

हाच या एपिसोडचा मुद्दा आहे. हक्क मुलाच्या अंगावर आहे, नोंद मात्र जागेवर आहे. अंगणवाडीची यादी गावाची, शाळेचं रजिस्टर गावाचं, लसीकरणाचा दिवस उपकेंद्राचा. मूल हललं की यादीत त्याच्यापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. जिथे ते पोचलं तिथल्या यादीत ते नसतंच. दोन्हीकडच्या यादी चोख, आणि मूल दोन्हीकडे नाही.

आता तुम्ही म्हणाल कायदा करणाऱ्यांनी याचा विचार केला नाही का? केलाय की! म्हणून तर मला राग येतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ९ बघा. स्थानिक प्राधिकरणाने आपल्या हद्दीत *राहणाऱ्या* चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांची नोंद ठेवायची. राहणाऱ्या, मूळच्या नाही. त्याच कलमात पुढे स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल याची जबाबदारीही टाकलीय. कलम ५: दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. कलम ४: मूल मागे पडलं असेल तरी वयानुसार वर्गात घ्यायचं आणि वेगळं शिकवून भरून काढायचं. म्हणजे आपल्या सात वर्षांच्या मुलीने भट्टीजवळच्या शाळेत नुसतं जाऊन उभं राहायचं, बाकी सगळं शाळेचं काम.

पण सात वर्षांची मुलगी एकटी जाऊन उभी राहत नाही ना. बापाला त्या गावात कोणी ओळखत नाही. भट्टी गावाबाहेर. आणि शाळेला माहीतच नाही की पलीकडे पंधरा मुलं आलीत.

यावर महाराष्ट्राने एक साधा उपाय काढलाय, 'शिक्षण हमी कार्ड'. कुटुंब निघताना वाडीवरच्या शाळेने मुलाला हे कार्ड द्यायचं: नाव, इयत्ता, काय येतं. पोचलेल्या गावच्या शाळेने कार्ड बघून बसवून घ्यायचं आणि परत जाताना पुढची माहिती लिहून द्यायची. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगिन मुलाच्या खिशात दिलं. मला ही कल्पना खूप आवडते, कारण ती नेटवर्कवर अवलंबून नाही. फक्त निघायच्या *आधी* ते हातात पडायला हवं, आणि टेम्पो शाळेला विचारून येत नाही. जे गुरुजी-बाई दिवाळीच्या सुट्टीआधीच वाडीवर चक्कर मारून 'यंदा कोण कुठे जाणार' विचारतात, त्यांच्याकडे कार्ड वेळेवर पोचतं. दुसरा मार्ग हंगामी वसतिगृहाचा. आई-बाप गेले तरी मूल गावातच राहील, खाण्यापिण्याची सोय होईल. ऊसतोडीच्या भागात तो जास्त माहीत आहे. पण सात वर्षांच्या मुलीला सहा महिने मागे ठेवायचं, हे कुठल्या आईला सहज जमेल?

याआधी काय होतं? १९९० च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर 'भोंगाशाळा' सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे नेऊ, असा विचार. कायदा यायच्या कितीतरी आधी त्यांनी दाखवून दिलं की ही मुलं मोजता येतात, शिकवता येतात. आता कायदा म्हणतो की भट्टीवरची पडवी पुरेशी नाही, मूल नियमित शाळेतच गेलं पाहिजे. तत्त्व बरोबर आहे. पण भट्टीपासून शाळेपर्यंतचा तो शेवटचा दीड-दोन किलोमीटर कोण चालवणार, हे परत कोणाच्या तरी चांगुलपणावर आलं.

रेशनचं मात्र बऱ्यापैकी जमलंय. 'एक देश, एक रेशन कार्ड'मुळे अंगठा लावून दुसऱ्या तालुक्यातल्या दुकानातूनही धान्य उचलता येतं. का जमलं? कारण तिथे नोंद दुकानाची राहिली नाही, कुटुंबाची झाली. अंगणवाडीचं त्या वाटेवर अर्ध्यात आहे. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर ॲप आलं, त्यात लाभार्थी एका अंगणवाडीतून दुसरीत पाठवता येतो. २०२२ मध्ये राज्याच्या महिला-बालविकास विभागाने स्थलांतरितांसाठी वेगळी ट्रॅकिंग सिस्टिम काही जिल्ह्यांत आणली, शेजारच्या पालघरसकट. पण ॲपमध्ये नाव पाठवलं तरी दुसऱ्या टोकाच्या सेविकेने भट्टीवर जाऊन ते कुटुंब शोधायचंय, आणि तिची स्वतःची यादी आधीच भरलेली.

त्यात २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना चेहऱ्याची ओळख आणि ओटीपी. माझं प्रामाणिक मत: चोरी थांबवण्यासाठी असेल, पण ज्या वाडीत टॉवरच पकडत नाही आणि फोन बापाबरोबर भट्टीवर गेलाय, तिथे मूल आणि पाकीट यांच्यामध्ये आपण एक लोडिंगचं चक्र फिरवत ठेवलंय. आणि हे माझ्यासारखेच लोक बनवतात. आधारबद्दल सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट सांगितलंय की आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाचा लाभ बंद करता येणार नाही. ती ओळ प्रत्येक ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर टाकली पाहिजे.

आता उचलीकडे परत येऊ. मला वाटतं खरी गाठ इथे आहे.

समजा जानेवारीत भट्टीवर त्या अडीच वर्षांच्या मुलाला जुलाब लागले, वजन उतरलं, पट्टी लाल आली. कोणीतरी सांगितलं, १४ दिवस भरती करा. आरोग्य खात्याने यात आईचाही विचार केलाय. केंद्रात तिला जेवण आणि रोजची 'बुडीत मजुरी' मिळते. चांगली गोष्ट. पण भट्टीवर मजुरी रोजाने नसते. हजार विटांमागे दर ठरतो, तोही जोडप्याचा, आणि तो उचलीतून वळता होतो. आई १४ दिवस गेली की नुसता रोज बुडत नाही, जोडी मोडते आणि कर्ज तसंच राहतं. शेठ म्हणतो, "काम पूर्ण कर आणि मग जा." हे वाक्य ऐकलं की प्रकरण आरोग्य खात्याचं राहत नाही. उचलीपायी माणसाला काम सोडून जाता येत नसेल, तर ती १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याची बाब आहे. त्या कायद्याने असलं कर्ज रद्द होतं. सुटकेचा दाखला देण्याची यंत्रणा जिल्हाधिकारी आणि प्रांत यांच्या हाताखाली चालते, आपल्या रायगडासाठी म्हणजे अलिबागहून. आता बघा: एका मुलाच्या पोटासाठी अंगणवाडी, दवाखाना आणि महसूल खातं तिघांनी एकाच आठवड्यात हलायला हवं. पट्टी लावणाऱ्या सेविकेच्या रजिस्टरमध्ये 'उचल' असा रकानाच नाही.

बालमजुरीच्या कायद्याचंही तसंच. १४ वर्षांखाली कामाला ठेवायचं नाही, २०१६ च्या दुरुस्तीने हे सगळ्या व्यवसायांना लागू केलं. एक सवलत अशी: शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामाला मदत, तीही धोक्याचं काम नसेल तर. भट्टीवर मुलगी ओल्या विटा उलटते, भावाला सांभाळते. हजेरी वहीत तिचं नाव नाही, कारण हिशेब आई-बापाच्या नावावर. तपासणीला गेलेल्या माणसाला 'कामगार' सापडतच नाही. तिला शाळेत बसवणं हीच बालमजुरीची सगळ्यात सोपी तपासणी आहे, असं मला वाटतं. पण ती खाती वेगळी आणि ही खाती वेगळी.

एक कागद राहिला. बाळ भट्टीवर जन्मलं तर? जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे होते, आई-बापाच्या गावात नाही. २१ दिवसांत मोफत. वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणजे पावसाळ्यात वाडीवर परत आल्यावर दाखल्यासाठी पुन्हा त्या भट्टीच्या गावाला खेपा. आधी हे कसंतरी निभायचं. पण २०२३ च्या दुरुस्तीनंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून बऱ्याच गोष्टींना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा ठरवलाय. ही मुलं २०२९ च्या शेवटी सहा वर्षांची होतील. तेव्हा पहिलीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला शिक्षण हक्काचं कलम १४ आठवेल का, हे आत्ता कोणी सांगू शकत नाही. म्हणून ओळखीत कोणी भट्टीवर किंवा बाहेरगावी बाळंत झालं, तर निघायच्या आधी नोंद करा एवढं नक्की सांगा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर नोंद कळवणं दवाखान्याचंच काम आहे.

आणि हो, एक ठिकाण असं आहे जिथे कायदा आणि सेवा एकमेकांना ओढत नाहीत, ढकलतात. बालविवाह. २००६ च्या कायद्यात प्रतिबंध अधिकारी आहेत, खेड्यात हे काम ग्रामसेवकाकडे. मुलगी वयात आली, भट्टीवर एकटी कुठे ठेवायची, या भीतीने लवकर लग्न लावलं जातं. मग सतरा वर्षांची मुलगी गरोदर राहते. दवाखान्यात गेली की पॉक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवणं बंधनकारक. म्हणून घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. पॉक्सो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, तो नसता तर कितीतरी मुली बोलूच शकल्या नसत्या. पण ज्या मुलीला तपासणीची सगळ्यात जास्त गरज, तीच लपते. यावर अख्खा एपिसोड करू, आज एवढंच.

शेवटी, व्हॉइस नोटवाल्या मित्राचा दुसरा प्रश्न: "मी काय करू?"

१०९८ लावा. फुकट आहे, चोवीस तास चालतो. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरियांनी सुरू केलेला हा नंबर आता मिशन वात्सल्यखाली राज्य सरकारं चालवतात, ११२ ला जोडलेला आहे. फोनवर 'भट्टीवर मुलं आहेत' इतकंच सांगू नका. जागा नीट सांगा, फाटा, जवळचं गाव, किती मुलं, साधारण वय, शाळेच्या वेळेत काय करत होती. मूल संकटात आहे असं ठरलं तर २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे त्याला २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात किमान एक महिला. मुलाला घरच्यांपासून तोडणं हा शेवटचा उपाय आहे, कायद्याचा कल कुटुंबाकडेच आहे. हे भट्टीवरच्या आई-बापांनाही कळायला हवं, नाहीतर गाडी दिसली की ते पोरांना घेऊन झाडीत पळतात.

मूल नुसतं शाळेबाहेर असेल, बाकी धोका दिसत नसेल, तर १०९८ च्या आधी त्या *भट्टीजवळच्या* शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन सांगा. सोबत कलम ९ चा स्क्रीनशॉट ठेवा, भांडायला नाही, दाखवायला.

आणि रील बनवू नका. मनापासून सांगतो. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचं नाव, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही कुठल्याही माध्यमात टाकणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या फोनमधली कामाची गोष्ट म्हणजे लोकेशन पिन. ती सेव्ह करा, फोन लावा, आणि आठवड्याने परत लावून विचारा की पुढे काय झालं.